माहीच त कंपनी आहे

मार्च संपत आला होता, दुपारची चार-साडेचारची वेळ, उन्हानं पत्रे कडकड वाजत होते. आमच्या दालमिलमधून एक वहिनी डोक्यावर चुनीचं (डाळ करताना पडणारा चुरा, जनावरांना घालायचा) पोतं घेऊन निघाली, काट्याच्या बाजूनं गेली आणि काट्यावर काही थांबली नाही. मी टेबलावर बिलं लावत बसले होते. मिल सुरू असली की एकमेकीशी ओरडूनच बोलावं लागतं, म्हणून मी ओरडले, "अवो, वजन?" ती वळली, पोत्याखालून एक हात काढून हलवला आणि म्हणाली, "कायचं वजन वो? माहीच त कंपनी आहे. माही चुनी म्या नेली." हसली आणि गेली. तिच्या बोलण्यात चोरटेपणा नव्हता, रागही नव्हता, म्हणजे आपण आपल्या वावरातून चार वांगी तोडून घरी निघालो आणि कोणी पावती मागितली तर जसं वाटेल तसं तिला वाटलं असावं. रोलरजवळच्या दोघींनी एकमेकींकडं पाहिलं, एकीनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली आणि काम सुरू राहिलं.

ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. कारण ती खोटं बोलत नव्हती. कंपनी तिचीच आहे. तिच्या घरी देव्हाऱ्याच्या वर, गजानन महाराजांच्या फोटोशेजारी, शेअर सर्टिफिकेट फ्रेम करून टांगलेलं मी स्वतः पाहिलंय, त्याला हळदीकुंकू लावलेलं आहे. आम्ही सगळ्या तूर पिकवणाऱ्या, सीएनं सांगितलं की सहकारी सोसायटीपेक्षा प्रोड्युसर कंपनी करा, २००२ साली कंपनी कायद्यात ती सोय झालीय, दहा जण असले तरी नोंदणी होते आणि मुख्य म्हणजे कोणाचे किती का शेअर असेनात, मत एकालाच एक. ते ऐकून आमच्या थोरल्या काकू म्हणाल्या होत्या, "म्हंजे पाटलीणबाईचंबी एकच अन माहंबी एकच?" त्यांना ते दोन-तीनदा सांगावं लागलं. मग अडलं ते सातबाऱ्यावर, मेंबर व्हायचं तर शेतकरी असल्याचा कागद पाहिजे. शेतात राबणाऱ्या आम्ही आणि सातबारा नवऱ्याच्या नावावर. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत ज्यांच्या सासऱ्यांनी तेव्हा बायकोच्या नावावर तुकडा केला होता त्या घरांचं काम पटकन झालं, बाकीच्यांना तलाठ्याकडं खेटे घालावे लागले. म्हणजे ही मालकी काही फुकट आली नाही. आणि इतक्या खटपटीनं मालक झालेल्या बाईला मी विचारत होते की बाई, वजन कर.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या पुढं आमचं गाव. या भागात लहानाचे मोठे झालेल्यांना मालक कसा असतो हे कोणी शिकवावं लागत नाही. गुढीपाडव्याला सालगडी ठरायचा, तेव्हापासून वर्षभर तो त्या घरचा. मालक बांधावर निंबाखाली उभा राहायचा, छत्री घेऊन, आणि "हे राह्यलं, ते राह्यलं" करायचा. मालक काय करतो याचं आमच्या डोळ्यासमोरचं चित्र हेच, की तो स्वतः काही करत नाही आणि पाहिजे ते घेऊन जातो, त्याला कोणी विचारत नाही. मग आम्ही मालक झालो तेव्हा काय होणार होतं? पहिल्या सीझनला मिलमध्ये झाडू मारायला कोणी तयार नव्हतं! आदल्या वर्षी दुसऱ्याच्या वावरात रोजानं निंदण करणाऱ्या बायका, त्या म्हणायच्या, आता आपण कंपनीच्या मेंबर, झाडू काऊन मारायचा. तूर चाळायला सगळ्या, पाकिटं भरायला तर रांग (पंख्याखालचं काम ते), पण टरफलाचा ढीग उचलायला कोणी नाही. तुरीच्या टरफलाची धूळ ज्यांनी खाल्लीय त्यांनाच माहीत, घशात बसते, रात्री खोकला, सकाळी नाकातून काळपट निघतं, अंगाला खाज ती वेगळीच.

ती झाडूची भानगड कशी मिटली तर अगदी साधी. थोरल्या काकूंनी, ज्या वयानं सगळ्यात मोठ्या आणि बोर्डावर डायरेक्टर, एक दिवस काही न बोलता खराटा घेतला आणि सगळी मिल झाडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी सुनांना लाज वाटली. मला तेव्हा हे फार छान वाटलं होतं, आता तितकं वाटत नाही. लाजेवर किती दिवस कंपनी चालणार? काकू आजारी पडल्या त्या आठवड्यात ढीग पुन्हा साचला. मग पाळी लावली, फळ्यावर नावं लिहिली, त्यात डायरेक्टर पण आल्या, माझंही नाव आलं. त्यात कोणाचं मन मोठं झालं वगैरे काही नाही, पण मिल झाडली जाते.

माझा मामेभाऊ हिंजवडीला आहे. त्याला कंपनीनं ईसॉप, म्हणजे नोकरीतल्या माणसांना द्यायचे कंपनीचे शेअर, दिलेत, तो दिवाळीला आला की मोबाईलवर दाखवतो, इतके शेअर, अमुक वर्षांनी इतके आपल्या नावावर होणार. मी त्याला विचारलं, तुझ्या साहेबाचा पगार किती तुला माहीत आहे का? नाही. कंपनीनं यावर्षी कुठं पैसा घालवला हे विचारता येतं का? तो हसला, म्हणाला ताई, विचारायचं कशाला, भाव वाढला की विकायचे. वाईट काही नाही त्यात, त्याचं घर त्यावर होईल कदाचित. पण मला आमची शकुंतला आठवली. यवतमाळ-मूर्तिजापूरची ती नॅरोगेज गाडी, दारव्ह्याहूनच जायची. देशातली रेल्वे सरकारची झाली तरी त्या रुळांची मालकी इंग्रजांच्या काळातल्या खासगी कंपनीकडंच राहिली, गाडी चालवायची भारतीय रेल्वे. आम्ही तिच्यात बसून लग्नाला गेलो, बाजाराला गेलो, मालक कोण ते कोणी कधी पाहिलं नाही. कागदावरची मालकी असून असून कुठवर असते ते आमच्या भागाला चांगलं ठाऊक आहे.

याच्या उलट एम्प्रेस मिल. माझ्या आजेसासऱ्यांचे मोठे भाऊ नागपूरला एम्प्रेसमध्ये होते, सुताच्या खात्यात. घरात त्यांच्या गोष्टी अजून निघतात. जमशेटजी टाटांनी ती १८७७ मध्ये सुरू केली, १८८६ मध्ये कामगारांना पेन्शन फंड केला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, देशात कुठं असलं काही नव्हतं तेव्हा. आजोबा टाटांचं नाव घेताना हात कपाळाला लावायचे म्हणे. मालकी त्यांची तसूभर नव्हती आणि तरी मरेपर्यंत "आमची मिल" म्हणायचे. म्हणजे शेअर न देताही माणसाला आपलं वाटवता येतं हे खरंच आहे, ते नाकारून चालणार नाही. फक्त मिलला घरघर लागली, ती पुढं सरकारी महामंडळाकडं गेली आणि २००२ मध्ये बंदच झाली, तेव्हा "आमची मिल" म्हणणाऱ्यांना कोणी विचारायला आलं नाही. आता तिथं मॉल आहे. मी एकदा त्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर उभी राहून सुताचं खातं नेमकं कुठं असेल याचा अंदाज करत होते, नवरा म्हणाला चल ना, पार्किंगचा मीटर पळतोय.

बरं, कामगार मालक झाले म्हणजे सगळं आपोआप नीट होतं असंही नाही. मुंबईत कुर्ल्याला कमानी ट्यूब्ज होती, बंद पडलेली, १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कामगारांच्या सहकारी संस्थेच्या हाती द्यायला मान्यता दिली. केवढी मोठी गोष्ट होती ती. सुरुवातीला चांगली चाललीही, पुढं पुन्हा अडचणीत आली. सगळ्यांना माहीत असलेलं चांगलं उदाहरण म्हणजे लिज्जत. १९५९, गिरगावातली गच्ची, सात बायका, ऐंशी रुपये उसने. पापडाचं पाकीट आपल्या सगळ्यांच्या घरात येतं, पण मला त्यातली एक गोष्ट फार आवडते, तिथं पापड लाटणारी नोकर नसते, बहीण असते, आणि नफ्यासारखाच तोटाही बहिणींनी वाटून घ्यायचा असतो. तोटा वाटून घ्यायचा हे आमच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं तेव्हा एकदम शांतता. मग एकीनं विचारलं, "तोटा झाला त घरून पैसे आणून देयाचे का?" हा प्रश्न कंपनी काढायच्या आधी कोणीच विचारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो पहिल्याच दिवशी विचारायला पाहिजे होता.

बचतगटाच्या सहलीत आम्ही गडचिरोलीला मेंढा-लेखाला गेलो होतो. धानोऱ्याच्या रस्त्यावर गोंडांचं ते छोटं गाव. त्यांना २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढं बांबू ते स्वतः विकू लागले, हे पेपरात सगळ्यांनी वाचलंय. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" हे पण पाठ आहे. पण तिथं बसल्यावर वेगळंच जाणवतं. तिथं बहुमत नाही. हात वर करून मोजणं नाही. एकाला जरी पटलं नाही तरी विषय थांबतो, पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. आणि निर्णयाच्या आधी अभ्यास गट, म्हणजे आधी विषय समजून घ्यायचा, नुसतं मत ठोकायचं नाही. जंगलाचा हक्क मिळायच्या कितीतरी वर्षं आधीपासून ते असे बसत होते. मला वाटतं आमच्यात नि त्यांच्यात हाच फरक आहे, त्यांच्याकडं बसण्याची सवय आधी आली आणि मालकी नंतर. आमच्या हातात सर्टिफिकेट आधी आलं. येताना जीपमध्ये सगळ्या गप्प होत्या, नाहीतर आमच्या बायका आणि जीपमध्ये गप्प!

पण मिल म्हणजे जंगल नाही ना. बांबू उभाच असतो, चार दिवस वाट पाहतो. तुरीला तेल लावून, पाणी मारून ढीग घातला की ती काही सगळ्यांचं एकमत व्हायची वाट पाहत नाही. ढीग किती वेळ ठेवायचा, उन्हात कधी पसरायचा, आभाळ आलं तर काय करायचं, हे त्या घडीला एकीनं सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, नाहीतर डाळ फटका (म्हणजे अख्खी, चांगल्या प्रतीची) निघत नाही, तुकडाच जास्त पडतो आणि खंडा म्हणून मातीमोल भावानं जातो. पहिल्या वर्षी यावरून काय भांडणं! पाच जणींची पाच मतं आणि तूर ओली. शेवटी असं ठरलं की मशीनवरची वहिनी, जी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात मिनी दालमिलचं ट्रेनिंग घेऊन आली, मिल सुरू असताना तिचं ऐकायचं, सासू असली तरी ऐकायचं. आणि तिला काही बोलायचं असेल तर शनिवारी.

शनिवार म्हणजे हिशोब. बी.कॉम. केलेली म्हणून वही माझ्याकडं, आणि शनिवारी संध्याकाळी मी ती मोठ्यानं वाचते. तूर आली इतकी, डाळ निघाली इतकी, खंडा, चुनी, टरफल, लाईटबिल, बारदाना, हमाली, टेम्पो. निम्म्या जणींना वाचता येत नाही म्हणून हे सुरू झालं, पण आता ज्यांना येतं त्याही कान देऊन बसतात. न वाचता येणाऱ्या काकूंचं डोकं तर असं तेज की माझं वाचून व्हायच्या आत म्हणतील, "क्विंटलमागं डाळ पाऊणच्या आसपास निघाली, चुनी धरली, टरफल धरलं, मंग बाकी कुठं गेलं?" आणि मग मशीनमागं, पत्र्याच्या फटीत, पाखडताना वाऱ्यावर, कुठं ना कुठं ते बाकीचं सापडतं. एखाद्या शनिवारी नाही सापडत. त्या शनिवारी सगळ्या जरा आवंढा गिळून घरी जातात.

त्या पोत्याचा शनिवार तसाच होता. मी वाचलं, चुनी कमी. कोणी काही बोलेना. सगळ्यांना माहीत, ती पण समोर बसलेली, आणि कोणी बोलेना. दुसऱ्याच्या मिलमध्ये असतं तर सुपरवायझरनं दारातच झडती घेतली असती, आम्ही शिव्या देऊन मोकळ्या झालो असतो. इथं शिव्या कोणाला द्यायच्या? समोरची चुलतजाऊ, तिच्या पोरीच्या लग्नात आपण पुरणपोळ्या लाटलेल्या, उद्या आपल्या घरी मयत झाली तर पहिली तीच येणार. आपल्या बरोबरीच्या माणसाला तोंडावर "हे चुकलं" म्हणणं, ते पण नातं न तोडता, हे मला अजून कोणाला सहज करताना दिसलेलं नाही. मोठमोठ्या कंपन्या संस्कृती-संस्कृती म्हणून भिंतीवर जी वाक्यं लावतात त्यांच्यात हे कुठंच नसतं, कारण तिथं सांगणारा वर असतो आणि ऐकणारा खाली. आमच्याकडं सगळ्या एका सतरंजीवर.

शेवटी तीच बोलली. "म्या नेली. शेळी व्याली होती. मंग काय कराचं?" आणि मग जे फुटलं ते चुनीवर थांबलंच नाही. कोणी खंडा नेला होता, कोणाच्या घरच्या तुरीला आधी नंबर लागला होता, कोणाच्या नवऱ्यानं टेम्पोत स्वतःचं खत आणलं होतं. आणि मग खरा मुद्दा निघाला. वर्षाचा बोनस आम्ही वाटला तो तूर किती घातली त्यावर. कायद्यात बोनस शेअरवर नसतो, कंपनीशी व्यवहार किती केला त्यावर असतो, आणि व्यवहार म्हणजे तूर घालणं असंच आम्ही धरलं होतं. त्या वहिनीकडं जमीन दीड एकर. तूर थोडी, बोनस थोडा. पण मिलमध्ये सगळ्यात जास्त दिवस कोण आलं? तीच. "जिनं घरी बसून टरकानं तूर पाठवली तिले बोनस, अन म्या धूळ खाल्ली त मले चुनीबी नाही?" यावर कोण काय बोलणार.

अंधार पडेस्तोवर बसलो. चुनी मेंबरला कमी भावात द्यायची पण वजन करून, नाव लिहून, डायरेक्टर असो की कोणी असो, इतकं ठरलं. बोनसाचं सीएला विचारायचं ठरलं. ती नंतर काही दिवस आलीच नाही, मग तुरीचा मोठा लॉट आला तेव्हा आली, काही न बोलता चाळणीवर बसली. आता सगळ्या वजन करतात. पण खरं सांगू, काहीतरी गेलंही. आधी कोणाची गाय आजारी आहे म्हटलं की कोणीतरी पसाभर चुनी पदरात टाकायचं, आता ती बाई आधी काट्याकडं बघते. नियम बरोबर आहे, मीच लिहिलाय, आणि तरी मला ते बघताना बरं वाटत नाही.

त्याहून जास्त खुपतंय ते दुसरं. सीझनला आम्हाला हात कमी पडतात, मग शेजारच्या तांड्यावरच्या बायका रोजानं बोलावतो. याच वर्षी एक दिवस मी पाहिलं, आमच्यातल्या दोघी निंबाखाली खुर्च्या टाकून बसल्यात आणि उन्हात तूर पसरणाऱ्या बायकांना म्हणतायत, "ओ बाई, हात चालवा पटपट." निंब पण तोच जुना. त्या बायकांना शनिवारी कोणी थांबा म्हणत नाही, रोज दिला की त्या जातात, हिशोब त्यांनी ऐकायचं कारण काय? त्यांच्यातली एक मला म्हणाली, "ताई, तुमची मिल मस्त आहे." तुमची.

त्यांना मेंबर करून घ्यायचं का, हा विषय मी यंदाच्या वार्षिक सभेच्या अजेंड्यावर टाकलाय, पोळा झाला की सभा आहे. विरोध भरपूर आहे आणि तो काही वेडा विरोध नाही. मशीनचं कर्ज आम्ही फेडलं, पहिली दोन वर्षं बिनबोनसाची आम्ही काढली, आता भरल्या ताटावर येणार का या, असं म्हणणाऱ्यांमध्ये माझ्या सासूबाई सगळ्यात पुढं आहेत. शिवाय त्यांच्यातल्या बऱ्याच जणींच्या नावावर जमीन नाही, मग शेतकरी म्हणून मेंबर करायचं कसं, ठोक्यानं (भाड्यानं) केलेल्या शेतीचा कागद चालेल का, ते सीए बघून सांगणार आहे. मी चार घरं फिरून आले, सासूबाई सहा फिरून आल्या. रात्री भाकरी टाकताना आम्ही त्या विषयावर बोलत नाही, त्या तव्यावर आणि मी पाटावर, नुसता थापायचा आवाज. काल मात्र त्यांना राहवलं नाही, म्हणाल्या, "घरातली दोन मतं दोनीकडं जाऊन राह्यली, लोक काय म्हणतीन?" मी म्हटलं, आई, एकालाच एक मत आहे, तुमचं तुम्ही टाका. त्या म्हणाल्या, "टाकतोच. अन तू त्या बायाइले शनवारी बसाले सांगतलं म्हणे, खरं काय?" खरं होतं. "मंग सतरंजी दुसरी आण," त्या म्हणाल्या, "हे पुरत नाही."